भोकं पडलेल्या पानांची बाजू

पावसाळा तोंडावर आला की गृहसंकुलांच्या सूचनाफलकांवर एक पत्रक हमखास लागतं. मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखाच. गच्चीत आणि बाल्कनीत किडे येतील अशी झाडं ठेवू नयेत, अळ्या दिसल्यास ताबडतोब कळवावं, दर महिन्याला आवारात आणि कुंड्यांवर फवारणी होईल, सभासदांनी सहकार्य करावं. यंदा आमच्याकडच्या पत्रकात तर तगर, रुई आणि ‘रानटी वेली’ अशी नावं घालून ती काढून टाकायला सांगितलं आहे. बागकामाच्या सदरांतही हाच सल्ला जरा गोड भाषेत येतो: भोक दिसलं की अमुक फवारा, अळी दिसली की तमुक. या साऱ्याच्या मुळाशी एक समजूत आहे. जिच्यातलं एकही पान कुणी खाल्लेलं नाही, ती चांगली बाग. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी बागेचंच नुकसान होतं, हे मला सविस्तर मांडायचं आहे.

तगरीपासूनच सुरुवात करतो, कारण पत्रकात तिचं नाव पहिलं आहे. तगरीवरची अळी पहिल्यांदा बघणारा माणूस दचकतो, हे मान्य. बोटाएवढी जाड, पोपटी रंगाची, कडेने बारीक पांढरे ठिपके आणि डोक्यामागे दोन निळे डोळे. ते डोळे खरे नसतात. धक्का लागला की अळी डोकं आत ओढून घेते, पुढचा भाग फुगवते, आणि ते निळे ठिपके ताणून मोठे दिसू लागतात. पक्षी बिचकतो तसा माणूसही बिचकतो. पण तिला ना दंश आहे, ना खाज आणणारे केस. शेपटीकडचं शिंगसुद्धा नुसतं दाखवण्यापुरतं. ही कण्हेरीवरच्या हॉकमॉथची अळी. तगर, कण्हेर, सदाफुली ही एकाच कुळातली झाडं. तिन्हींच्या पानांत विषारी द्रव्यं असतात आणि ही अळी ती पचवते. वाढ पुरी झाली की तिचा हिरवा रंग जाऊन ती तपकिरी पडते, झाडावरून उतरते आणि पालापाचोळ्यात कोष करते. त्यातून निघणारा पतंग हिरव्या-गुलाबी नक्षीचा असतो आणि संध्याकाळी फुलांसमोर हवेत स्थिर राहून मध पितो. एवढ्या घडामोडीत तगरीचं काय गेलं? एका-दोन फांद्यांची पानं. महिन्याभरात ती पुन्हा पालवते. तगर मेली म्हणून तक्रार घेऊन आलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. ‘कसली तरी भयंकर अळी’ दिसली म्हणून आलेले पुष्कळ भेटले.

कढीपत्त्याचं तसंच. शेजारच्या काकू मनापासून सांगतात, “अहो, तुमच्या कढीपत्त्याला कीड लागलीय, मारा की काहीतरी.” कढीपत्ता, लिंबू, पपनस, बेल ही सगळी एका घराण्यातली झाडं आणि त्यांच्यावर वाढणारी फुलपाखरंही एका गोतावळ्यातली. कोवळ्या पानावर एकेकटं घातलेलं मोहरीपेक्षा लहान, गोल, फिकट पिवळं अंडं. त्यातून निघालेली अळी पहिले काही दिवस हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळी-पांढरी, ओलसर. कुठल्या पक्ष्याला ती खावीशी वाटेल? मग एका कातीनंतर ती एकदम हिरवी होते. तिला काडीने हलकेच डिवचलं की डोक्यामागून नारिंगी रंगाची दुबेळकी शिंगं बाहेर येतात आणि सडक्या लिंबाचा वास सुटतो. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू जाहीर केलं, आणि असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. ते ब्लू मॉर्मन, म्हणजे राणी पाकोळी, याच गोतावळ्यातलं. तिची अळीही माकडलिंबू, पपनस, लिंबू यांचीच पानं खाते. राज्याचं मानचिन्ह म्हणून फुलपाखराचं चित्र भिंतीवर रंगवायचं आणि त्याच भिंतीलगतच्या लिंबावरच्या अळ्या मारायच्या, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. आठ-दहा पानांचं लिंबाचं रोप असेल आणि त्यावर चार अळ्या असतील, तर ते रोप उघडंबोडकं होतं आणि कधी मरतंही. अशा वेळी अळ्या उचलून मोठ्या झाडावर सोडाव्यात. त्याला दोन मिनिटं लागतात.

“पण मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी यांचं काय? त्यांनी तर झाडं वाळतात.” हा खरा आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. माव्याचं उदाहरण घेऊ. हळदीकुंकवाच्या झाडाच्या शेंड्यावर पिवळाजर्द मावा दाटीने बसलेला सगळ्यांनी पाहिला असेल. उबदार हवेत माव्याची मादी नराशिवाय थेट पिलं देते, आणि ती पिलं आठवड्या-दीड आठवड्यात स्वतः पिलं देऊ लागतात. आता शेंड्याकडे पाच मिनिटं नीट बघा. माव्याच्या गर्दीत एखादा किडा तपकिरी, फुगलेला आणि निश्चल दिसेल. त्याच्या पाठीला गोल भोक असेल. एका चिमुकल्या परजीवी गांधीलमाशीने त्याच्या पोटात अंडं घातलं होतं, तिचं पिलू आतून त्याला खाऊन त्या भोकातून निघून गेलं. शेजारी पांढुरकी, बिनपायाची, पानावर सरकणारी अळी दिसेल. ती सिरफिड माशीची. आणि इवल्याशा मगरीसारखी दिसणारी, काळपट, नारिंगी ठिपक्यांची, भरभर चालणारी अळी दिसेल, ती ढालकिड्याची. लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा लहान मुलांच्या पुस्तकात असतो, त्यामुळे त्याला सगळे ओळखतात. त्याच्या अळीला कुणी ओळखत नाही, म्हणून तिला कीड समजून पहिला फवारा तिच्यावरच पडतो.

फवाऱ्याने मावाही मरतो आणि त्याला खाणारेही मरतात. पण दोघांची परतण्याची गती सारखी नसते. चार मावे कुठे पानामागे वाचले तरी पंधरवड्यात शेंडा पुन्हा पिवळा होतो. ढालकिड्याला अंड्यापासून पूर्ण वाढायला तीन-चार आठवडे लागतात, आणि तोही भक्ष्य मुबलक झाल्यावरच तिथे येतो. म्हणजे फवारणीनंतर माव्याला मोकळं रान मिळतं. मग पुन्हा फवारा, पुन्हा मावा. ‘दर पंधरा दिवसांनी फवारावं’ हा सल्ला बरोबर ठरतो खरा, पण तो पहिल्या फवाऱ्याने निर्माण केलेल्या परिस्थितीत. मुंग्या झाडावर चढत असतील तर त्या माव्याचा गोड स्राव मिळावा म्हणून त्याचं रक्षण करतात. तेवढी त्यांची वाट अडवावी, शेंड्यावर पाण्याची जोरदार धार मारावी, आणि थांबावं. थांबणं हाही उपायच आहे, आणि तो लोकांना सगळ्यात जड जातो.

हे घरगुती शहाणपण म्हणून कुणी बाजूला सारू नये. इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्यांचा प्रचंड उद्रेक झाला, तेव्हा अभ्यासकांनी दाखवून दिलं की अनुदानावर वाटलेली कीटकनाशकं शेतातले कोळी आणि इतर भक्षक मारत होती आणि तुडतुडे त्यामुळेच माजत होते. १९८६ साली तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर एका आदेशाने बंदी घातली. आपल्याकडचा दाखला आणखी जवळचा. २००८ साली कोइमतूर भागात पपईवर बाहेरून आलेला पिठ्या ढेकूण दिसला, आणि बघता बघता तो पपई, तुती, जास्वंद यांवर पसरला. महाराष्ट्रातल्या पपईच्या बागाही त्याने धरल्या. त्याच्या अंगावरचं मेणाचं आवरण फवाऱ्याला दाद देत नव्हतं. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून मिलिमीटरभर लांबीच्या परजीवी गांधीलमाश्या आणून सोडण्यात आल्या आणि त्यांनी तो आटोक्यात आणला. जे काम रसायनांच्या टाक्यांना जमलं नाही ते डोळ्यांना धड न दिसणाऱ्या एका कीटकाने केलं. आपल्या जास्वंदीवर असे कीटक आजही फिरत असतात. त्यांना फुलांचा मध लागतो आणि विष नसलेली पानं लागतात. कुंडीतली कोथिंबीर फुलावर आली की उपटून टाकू नका. तिची ती बारीक पांढरी फुलं नेमकी या गांधीलमाश्यांच्या आणि सिरफिड माश्यांच्या तोंडाला पुरणारी असतात.

इथे सुज्ञ वाचक म्हणेल, “आम्ही रासायनिक काही मारतच नाही, फक्त कडुनिंबाचं तेल.” कडुनिंब आपला आहे म्हणून त्याचं तेल निरुपद्रवी, हा समज मोठा चिवट आहे. त्यातलं ॲझाडिरॅक्टिन अळीच्या कात टाकण्यात बिघाड करतं, आणि फुलपाखराची अळी व पतंगाची अळी असा भेद त्याला करता येत नाही. ढालकिड्याच्या अळीलाही त्याचा त्रास होतो. एखाद्या झाडावर पिठ्या ढेकूण खरोखर हाताबाहेर गेला असेल तर तेवढ्या फांदीला संध्याकाळी निंबतेल लावणं समजू शकतो. पण सगळ्या बागेवर ‘प्रतिबंधक’ म्हणून ते मारणं म्हणजे न झालेल्या रोगासाठी सगळ्या घराला जुलाब देण्यासारखं आहे.

रोपवाटिकांतून मिळणाऱ्या छोट्या पुड्यांबद्दल याहून कडक बोलावं लागेल. त्यांतल्या पुष्कळशांत इमिडाक्लोप्रिड असतं. ते मुळांतून, पानांतून झाडाच्या अंगात भिनतं आणि परागात व मधातही उतरतं. युरोपीय संघाने २०१८ साली इमिडाक्लोप्रिडसह तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांचा उघड्यावरचा वापर बंद केला तो मधमाश्यांसाठीच. आपण तेच वांग्याच्या कुंडीत घालतो आणि मग विचारतो, फुलं येतात पण फळ का धरत नाही? वांग्याचं फूल जवळून बघा. पिवळ्या परागकोशांना कडेला चीर नसते, टोकाशी फक्त बारीक छिद्र असतं. पराग बाहेर काढायचा तर फूल थरथरवावं लागतं. निळ्या पट्ट्यांची एकांडी माशी येते, परागकोशांना मिठी मारते, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते, तिचा आवाज एकदम चढतो आणि पराग तिच्या पोटावर उडतो. आपल्या पोळ्यांतल्या सातेरी, फुलोरी माश्यांना ही युक्ती येत नाही. काळा मोठा भुंगा, जो लाकडात बीळ करतो म्हणून हाकलला जातो, त्याला ती येते. वाऱ्याने काही फळं धरतातच, पण भरघोस वांगी हवी असतील तर या दोघांशी वैर परवडणारं नाही.

फवारणाऱ्याचाही विचार या पत्रकांत कुठे नसतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक माणसं दगावली. त्यानंतरही आपल्या आवारात येणारा मुलगा नाकाला रुमाल बांधून, उघड्या हातांनी पंप मारतो, आणि आपण खिडक्या लावून घेऊन त्याला लवकर आटपायला सांगतो. शोभेच्या झाडांवरच्या भोकांसाठी हे करवून घेण्याचा आपल्याला काय अधिकार आहे?

फवारणीच्या बाजूने डेंग्यूचा मुद्दा मांडला जातो, आणि तो गंभीर आहे. ज्यांच्या घरात ताप येऊन गेला त्यांची भीती खोटी नाही. पण डेंग्यूचा डास पानांत जन्मत नाही, तो साचलेल्या स्वच्छ पाण्यात जन्मतो: कुंडीखालच्या बशीत, फुलदाणीत, गच्चीवरच्या फुटक्या डब्यात, कूलरच्या तळाशी. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणूनच आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं. बशी नुसती ओतून भागत नाही, घासावी लागते, कारण अंडी कडेला चिकटून महिनोन् महिने कोरडी टिकतात. पानांच्या खाचेत पाणी धरणारी ब्रोमेलियाडसारखी हौसेची झाडं असतील तर त्यांतलं पाणीही आठवड्याला धुऊन काढावं. हे सगळं करायला हवं आणि काटेकोर करायला हवं. धुराच्या फवारणीने मात्र त्या क्षणी उडणारे डास तेवढे मरतात. पाण्यातल्या अळ्यांना तिचा स्पर्शही होत नाही, आणि उडत्या डासांबरोबर मधमाश्या आणि चतुरही मरतात. चतुर हवेतला डास पकडतो आणि त्याचं पिलू पाण्यातल्या डासांच्या अळ्या खातं. पावसाळा सरताना मैदानांवर जे पिवळसर चतुर थव्याने घिरट्या घालतात, ते भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत, असं जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली पुराव्यांसह मांडलं. महासागर पार करू शकणारा हा पाहुणा आपल्या आवारातल्या धुरात मरावा, याचं मला फार वाईट वाटतं.

दंशाबद्दल थोडक्यात. आग्या माश्यांचं मोहोळ जिन्यापाशी लागलं तर ते धोक्याचं आहे आणि त्याला जाणकार माणूसच बोलवावा. रात्री पेटवून देणं क्रूर आहे आणि पेटवणाऱ्याच्या जिवावरही बेततं. केसाळ सुरवंटांना हात लावू नये, हेही खरं. पण भिंतीला मातीचं इवलं मडकं चिकटवणारी कुंभारीण, गुलाबाच्या पानाचे गोल तुकडे कापून नेणारी एकांडी माशी, यांच्या वाटेला गेल्याशिवाय त्या कुणाच्या वाटेला जात नाहीत. कुंभारीण त्या मडक्यात अळ्या बेशुद्ध करून भरते, आपल्या पिलाची शिदोरी म्हणून. गुलाबाच्या पानाला कडेने कंपासने काढल्यासारखा अर्धगोल कापलेला दिसला तर तो रोग नाही. त्या तुकड्यांनी एक आई आपल्या पिलाची खोली मढवते आहे.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांशी थोडं भांडायचं आहे. वेगळी झाडं लावण्याची हौस वाढली आहे, ही चांगली गोष्ट, पण तिच्यातही अंधश्रद्धा शिरल्या आहेत. डास खाईल म्हणून व्हीनस फ्लायट्रॅप विकत आणतात. ते अमेरिकेतल्या कॅरोलिना राज्यांच्या दलदलीतलं झाड. निकस, आम्लधर्मी, ओल्या मातीत जगण्यासाठी त्याने कीटक धरायची युक्ती काढली. शेणखताच्या कुंडीत, नळाच्या क्षारयुक्त पाण्यावर ते काही महिन्यांत जातं, आणि तोवर डासांच्या संख्येत तिळमात्र फरक पडत नाही. कासच्या सड्यावरची कीटकभक्षी दवबिंदू अशाच निकस मातीतली. तिला उपटून घरी आणणं हा गुन्हाच मानायला हवा. कंदीलपुष्प, म्हणजे खर्पुडी, याबाबत तर हात जोडून विनंती आहे. त्या उभ्या नळीसारख्या फुलात चिमुकल्या माश्या शिरतात, आतले खाली वळलेले केस त्यांना बाहेर येऊ देत नाहीत, मग केस सुकतात आणि परागपुंज चिकटलेली माशी सुटून पुढच्या फुलाकडे जाते. या वेलींतल्या कित्येक जाती सह्याद्रीबाहेर जगात कुठेच नाहीत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वाढवण्याचं, जपण्याचं मोठं काम केलं आहे. हौस असेल तर वाढवलेलं रोप मिळेपर्यंत वाट पाहावी. कड्यावरून कंद खणू नये.

‘फक्त देशीच लावा’ हा आग्रहही मला अर्धवट वाटतो. पानफुटी मूळची मादागास्करची. पण आपल्या रेड पिएरो फुलपाखराने तिला आपलंसं केलं आहे. त्याची अळी जाड पानाच्या आत शिरून दोन सालींमधला गर खात जाते. पान बाहेरून फुगल्यासारखं, पारदर्शक दिसू लागतं, आणि उजेडाकडे धरलं की आत सरकणारी अळी दिसते. उलट ईश्वरीच्या जागी तिच्या वंशातला परदेशी, मोठ्या फुलांचा शोभेचा वेल लावण्याआधी दहादा विचार करावा. ऑस्ट्रेलियात याच वंशातल्या एका शोभिवंत वेलावर रिचमंड बर्डविंग फुलपाखरं फसून अंडी घालतात आणि अळ्या पानं खाऊन मरतात. म्हणून झाड कुठलं यापेक्षा त्यावर कोण जगतं, हे आधी विचारावं. आपल्याकडे क्रिमझन रोज फुलपाखरू हवं असेल तर आपली ईश्वरीच लावावी. आणि सुरणाला पावसाच्या तोंडाशी फूल आलं आणि दोन दिवस उंदीर मेल्यासारखा वास सुटला तर शेजाऱ्यांना घरी बोलवावं, ते जांभळं फूल दाखवावं. कुजक्या मांसावर येणाऱ्या भुंगेऱ्यांना तो सांगावा असतो. तिसऱ्या दिवशी वास जातो.

शेवटचा आक्षेप निराशेचा आहे: एका बाल्कनीने काय होणार? जर्मनीतल्या संरक्षित क्षेत्रांत २७ वर्षांत उडत्या कीटकांचं वजन पाऊण हिश्शाहून अधिक घटल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालं. अशा वेळी चार कुंड्या कुठे पुरणार? याचं उत्तर फुलपाखरांच्या पोटात आहे. मध त्यांना कुठल्याही घाणेरीवर मिळतो. अडतं ते अंडी घालण्याच्या झाडापाशी, कारण अळीला ठरावीकच पानं चालतात. ठाण्याला घोडबंदर रस्त्यालगत राजेंद्र ओवळेकरांनी घरच्या जमिनीवर नेमकी ही खाद्यझाडं लावली, आणि ओवळेकर वाडीत आज लोक फुलपाखरं बघायला लांबून येतात. बाल्कनीत वाडी मावत नाही, पण पानफुटीची कुंडी मावते, आणि तिला पानाच्या कडेवर फुटलेलं एक रोपटं पुरतं. रेड पिएरो दूरवर उडणारं फुलपाखरू नव्हे. ते आपल्या झाडाच्या आसपासच, जमिनीलगत बागडत राहतं. त्याला पहिल्या मजल्यावरून समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यापर्यंत जाता येईल एवढ्या अंतरावर दुसरी पानफुटी हवी. ती त्या घरात लावायला सांगणं आणि तिच्या फुगलेल्या पानांवर कुणी फवारा मारणार नाही एवढं बघणं, हे यंदाच्या पावसाळ्यात कुणालाही जमण्यासारखं आहे.